पंचवीस मिनिटांतील संसार

ज्या व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हत्या, त्यांच्या मरणाने प्रेक्षकाचे डोळे का भरून यावेत, हा सौंदर्यशास्त्रातील एक जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. कॉलिन रॅडफर्ड यांनी १९७५ साली टॉलस्टॉयच्या ॲना कारेनिनाचे उदाहरण घेऊन तो पुन्हा ऐरणीवर आणला आणि अशा भावनेत मूलतःच एक विसंगती असते, असा निष्कर्ष काढला. या चर्चेत एक गोष्ट बहुधा गृहीत धरली जाते : हेलावणारा माणूस सुरक्षित जागी बसलेला आहे. पुस्तक मिटून तो जेवायला उठू शकतो, नाट्यगृहातून बाहेर पडून घराची वाट धरू शकतो. ही सुरक्षितता काढून घेतली तर काय होईल? कल्पित माणसांच्या सुखदुःखांत एखाद्याला त्याच्या नकळत आणि संमतीवाचून कोंडून ठेवले, त्याला तिथे संसार करायला लावला, मुले वाढवायला लावली, पत्नीला निरोप द्यायला लावला आणि मग सांगितले की यांपैकी आज कोणीही नाही, तर त्याच्या शोकाला कोणते नाव द्यायचे? प्रश्न तत्त्वज्ञांच्या टेबलावरचा वाटतो. पण तो अत्यंत मूर्त स्वरूपात मांडला गेला तो एका अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेच्या एका भागात.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात दाखवली गेली. तिच्या पाचव्या पर्वातील ‘द इनर लाइट’ हा भाग जून १९९२ च्या आरंभी प्रक्षेपित झाला. मूळ कथा मॉर्गन जेंडेल यांची, पटकथा जेंडेल आणि पीटर ॲलन फील्ड्स यांची आणि दिग्दर्शन पीटर लॉरिट्सन यांचे. १९९३ साली त्याला नाट्यरूप सादरीकरणाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दूरदर्शन-मालिकेच्या एखाद्या सुट्या भागाला तो मिळणे त्या काळी दुर्मीळ होते. लोकप्रिय माध्यमातील कृतीबद्दल समीक्षेने नाक मुरडण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. या भागाच्या बाबतीत ती सवय बाजूला ठेवणे इष्ट आहे; कारण त्याच्या आशयातील व्यामिश्रता त्याच्या माध्यमाच्या मर्यादांतूनच निर्माण झाली आहे.

कथानक थोडक्यात सांगता येते. ‘एंटरप्राइझ’ या अंतराळनौकेला एक अनोळखी छोटे यान भेटते. त्यातून निघालेली एक किरणशलाका कप्तान जाँ-लूक पिकार्ड यांच्यावर रोखली जाते आणि ते कोसळतात. जाग येते ती कटान नावाच्या ग्रहावरील रेसिक या वस्तीतील एका घरात. एलीन नावाची स्त्री त्यांना कामिन म्हणून ओळखते. ती त्यांची पत्नी आहे; ते लोखंड विणणारे कारागीर आहेत आणि तापातून नुकतेच उठले आहेत. पाच वर्षे ते ही ओळख नाकारत राहतात, आकाशातील ताऱ्यांचे नकाशे काढत आपल्या नौकेचा माग शोधतात. नंतर ते थांबतात. मुले होतात, नातू होतो. ग्रहावर दुष्काळ वाढत जातो, आणि आपला सूर्यच मरणार आहे हे दुर्बिणीतून पाहणाऱ्या कामिनच्या ध्यानात येते. म्हातारपणी तो एका यानाचे उड्डाण पाहतो. ते यान म्हणजेच पिकार्डना भेटलेले यान. त्यानंतर पिकार्ड नौकेवर शुद्धीवर येतात. दरम्यान तिथे सुमारे पंचवीस मिनिटे गेलेली असतात. कटानचा सूर्य हजार वर्षांपूर्वीच विस्फोट पावलेला आहे. (खगोलशास्त्राच्या कसोटीवर हा विस्फोट फारसा टिकत नाही. नवतारा होण्यासाठी सामान्यतः श्वेत बटू आणि त्याचा जोडीदार असे ताऱ्यांचे युगुल लागते. परंतु कथेला हवे आहे ते विझणाऱ्या सूर्याखालचे जगणे, आणि तेवढ्यापुरती ही सवलत द्यायला हरकत नाही.)

या भागातील भावनिक चढ-उतारांची रचना मोठी विलक्षण आहे. सामान्यतः अशा मालिकांत चढ म्हणजे संकट आणि उतार म्हणजे सुटका. इथे चढ येतात ते घरगुती क्षणांतून. पाच वर्षांच्या नकारानंतर कामिन एलीनकडे एक परवानगी मागतो : घराला जोडून काहीतरी बांधायचे आहे. ती दुर्बिणीसारखे काही अपेक्षित असते. त्याला बांधायची असते ती बाळाची खोली. एका माणसाने आपला भूतकाळ सोडून दिल्याची एवढीच खूण. हुंदका नाही, भाषण नाही. पिकार्ड या पात्राने संसार आणि मुले जाणूनबुजून दूर ठेवलेली आहेत, हे मालिकेच्या नियमित प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे या साध्या वाक्याचे वजन त्याला पटकथेने सांगावे लागत नाही.

याहून अर्थपूर्ण आहे तो मुलाच्या नामकरणाचा प्रसंग. दिवंगत मित्र बटाई याचे नाव मुलाला दिले जात आहे, माणसे जमली आहेत आणि कामिन बासरी वाजवतो. (ती तोंडाशी उभी धरून वाजवायची आहे; मराठीत तिला अलगूज म्हणणे अधिक अचूक ठरेल.) आनंदाच्या या शिखरावर तो एकाएकी कोसळतो. कारण असे की, दुसरीकडे नौकेवर त्याचे सहकारी त्याला वाचवण्यासाठी ती किरणशलाका तोडू पाहत आहेत. एका जगातील सुटका ही दुसऱ्या जगातील मृत्यू ठरते. सहकाऱ्यांचा हेतू निर्मळ, त्यांची तळमळ खरी. आणि तरीही त्या क्षणी प्रेक्षक मनोमन त्यांच्या विरुद्ध उभा असतो. त्यांनी प्रयत्न सोडून द्यावा, कामिनला जगू द्यावे, असे त्याला वाटते. ज्या नौकेसाठी प्रेक्षक दर आठवड्याला येतो तीच त्याला परकी वाटू लागते. प्रेक्षकाची निष्ठा इतक्या थोड्या अवकाशात अशी हलवणे सोपे नाही; आणि हा बदल कुठल्याही युक्तिवादाने नव्हे, तर केवळ दोन दृश्यांच्या समोरासमोर ठेवण्याने घडतो.

उतारही असेच मुके आहेत. नवऱ्याने पादत्राणे वाटेत टाकून ठेवू नयेत, ही एलीनची जुनी तक्रार. मरताना ती त्याला त्याचीच आठवण करून देते. मरणशय्येवरच्या संवादात प्रेम, अमरत्व, पुनर्भेट असे काहीतरी ऐकण्याची प्रेक्षकाला सवय असते. इथे उरतो तो रोजच्या संसारातला एक लटका कलह. मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. संसाराची घडण मोठ्या घोषणांनी होत नाही, ती अशा टाकून ठेवलेल्या वस्तूंवरून झालेल्या बोलण्यांनी होते, हे जाणणाऱ्या लेखकाचा हा प्रसंग आहे.

आता मूळ प्रश्न. हा शोक कोणाचा आहे आणि कोणत्या जातीचा?

भारतीय रसविचाराने लौकिक शोक आणि करुणरस यांत स्पष्ट भेद केला आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती आपल्या पद्धतीने पुढे नेली. ‘माझे’, ‘परक्याचे’, ‘उदासीनाचे’ अशा संबंधांतून सुटलेला स्थायीभावच आस्वादाचा विषय होतो. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीच्या ठिकाणी जो शोक उद्भवला तो त्याचा व्यक्तिगत शोक समजू नये, असे अभिनवगुप्त ‘लोचना’त आवर्जून सांगतो, कारण ऋषी स्वतःच दुःखाने व्याकूळ असता तर काव्य संभवलेच नसते. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांमधील जो ताण उलगडून दाखवला, त्याचे एक टोक याच विचाराशी जाऊन मिळते.

‘द इनर लाइट’ची गंमत अशी की, या भेदाच्या दोन्ही बाजू एकाच व्यक्तीत येऊन भिडतात. घरी बसलेला प्रेक्षक सहृदय आहे. त्याला करुणाचा आस्वाद मिळतो. पिकार्ड मात्र सहृदय नाहीत. आपण काही पाहत आहोत हेच त्यांना माहीत नाही. एलीनच्या मृत्यूचा शोक हा कामिनचा लौकिक शोक आहे; त्यात ममत्व ओतप्रोत आहे, त्याला कसलेही अंतर नाही. परंतु ज्या यंत्रणेने तो निर्माण केला ती यंत्रणा एका अर्थाने कलाकृतीच आहे. कोणीतरी हेतुपूर्वक योजलेली, निवडक प्रसंगांची, स्मरण ठेवण्यासाठी केलेली. कलाकृतीने लौकिक शोक निर्माण करावा, ही गोष्ट रसविचाराच्या चौकटीत बसत नाही. तिथे कला जेव्हा असे करते तेव्हा ती रसविघ्नाच्या प्रदेशात जाते. कटानवासीयांनी हे विघ्नच आपले साधन केले आहे. त्यांना आस्वादक नको होता. आस्वादक हळहळतो, डोळे पुसतो आणि निघून जातो. त्यांना हवा होता आप्त.

उड्डाणाच्या प्रसंगी हे स्पष्ट होते. उन्हात उभा असलेला थकलेला कामिन विचारतो की हे काय चालले आहे, आपल्याला कसे कोणी सांगितले नाही? आणि मग मृत मित्र व मृत पत्नी तरुण रूपात त्याच्यासमोर येऊन त्याला सांगतात की हे यान भविष्यातील कोणा एकाला शोधून काढील आणि त्याला आमची ओळख सांगेल. तो कोणी एक म्हणजे आपणच, हे कामिनला उमगते. ॲरिस्टॉटलने ज्याला अभिज्ञान म्हटले, त्याचा असा प्रकार क्वचितच आढळेल. ईडिपसला आपण कोण हे कळते तेव्हा त्याचे जग उद्ध्वस्त होते. इथे कामिनला आपण कोण हे कळते तेव्हा त्याच्यापुढे जग आधीच हजार वर्षांपूर्वी उद्ध्वस्त झालेले असते. उरतो तो फक्त पाहणारा. शोकाचा धनी असलेला माणूस एका क्षणात साक्षीदार होतो.

भारतीय परंपरेत या कथेची भावंडे आहेत. नारदाची नारदी झाली, ही साठ पुत्रांची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण अधिक जवळचे साम्य ‘योगवासिष्ठा’तील लवण राजाच्या आख्यानाशी आहे. दरबारात एक ऐंद्रजालिक येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, एक घोडा समोर येतो आणि राजा सिंहासनावर निश्चल होतो. त्या थोड्या अवधीत तो विंध्याच्या अरण्यात एका चांडाळकन्येशी लग्न करतो, मुलाबाळांत वृद्ध होतो. मग दुष्काळ पडतो. भुकेल्या धाकट्या मुलाला आपले मांस खाता यावे म्हणून तो अग्नीत उडी घेण्यास सिद्ध होतो आणि जागा होतो. दुसऱ्या दिवशी तो त्या अरण्याच्या शोधात निघतो आणि तिथे त्याला आपल्या लोकांसाठी रडणारी म्हातारी सासू खरोखरच भेटते. दुष्काळ, संसार, मुले, क्षणात सामावलेले आयुष्य आणि जागे झाल्यावर हाती लागणारा पुरावा ही सर्व सामग्री दोन्हींकडे समान आहे. जेंडेल यांना हे आख्यान माहीत असण्याचे कारण नाही, आणि प्रभाव दाखवण्याचा खटाटोप इथे निरर्थक आहे. महत्त्वाचा आहे तो निष्कर्षातील फरक. वसिष्ठ रामाला ही कथा सांगतो ती जगाची मनोमयता पटवण्यासाठी : क्षणात जर आयुष्य सामावते, तर आयुष्याचे तरी काय वजन? कटानची कथा त्याच सामग्रीवरून उलट दिशेने निघते. आयुष्य क्षणात सामावले म्हणून ते हलके होत नाही. उलट त्या क्षणाचे वजन वाढते. कामिन आपल्या मुलीला, सूर्य मरणार हे ठाऊक असलेल्या मेरिबोरला, लग्न लांबणीवर टाकू नकोस असेच सांगतो. एक कथा आसक्ती सोडवण्यासाठी आहे, दुसरी आसक्ती सोपवण्यासाठी.

आणि इथेच नैतिक पेच उभा राहतो. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली एक काल्पनिक यंत्र पुढे ठेवले होते. त्याला जोडून घेतले की हवे ते सुखद अनुभव मिळतील. तुम्ही स्वतःला जोडून घ्याल का? बहुतेकजण नकार देतील, कारण माणसाला नुसता अनुभव नको असतो, त्याला प्रत्यक्ष काही करायचे असते, काही व्हायचे असते, असे त्यांचे म्हणणे. पिकार्डना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. त्यांच्या मनात परक्या लोकांनी एक संपूर्ण आयुष्य घातले. त्या आयुष्याबरोबर वैधव्यासारखी पोकळी, पितृत्व आणि अख्ख्या वस्तीच्या विनाशाचे ओझेही आले. एखाद्या राज्यसंस्थेने आपल्या नागरिकावर असा प्रयोग केला असता तर त्याला अत्याचाराखेरीज दुसरे नाव देता आले नसते. मालिकेने मात्र या बाजूला स्पर्श करण्याचे टाळले आहे. पिकार्डच्या मुखी संतापाचा एक शब्दही येत नाही. ही उणीव लहान नाही. प्रेक्षकाच्या मनात कटानबद्दल जी कणव दाटलेली असते तिच्या आड हा प्रश्न झाकला जातो आणि पटकथेला ते सोयीचेही आहे.

तरीही कटानवासीयांच्या बाजूने काही म्हणता येते. त्यांच्यापाशी माणसे वाचवण्याइतके सामर्थ्य नव्हते. एक लहानसे यान अवकाशात सोडणे, एवढेच शक्य होते. ग्रंथ पाठवता आले असते, चित्रे पाठवता आली असती. ती कोणीतरी वाचली असती, संग्रहालयात मांडली असती. परंतु ग्रंथ मिटता येतो. आपल्या नामशेष होण्याची बातमी कळावी ही त्यांची इच्छा नव्हती. आपल्या जाण्याने कोणाचे तरी काही हरवावे, ही होती. मृतांचा जिवंतांवर असा हक्क असतो का? आठवणीचा हक्क बहुतेक संस्कृतींनी मान्य केला आहे. श्राद्ध, स्मारके, पुण्यतिथ्या ही त्याचीच रूपे. शोकाचा हक्क मात्र नाते असलेल्यांपुरताच मानला जातो. कटानने आधी नाते निर्माण केले आणि मग शोक मागितला. ही लबाडी आहे की करुण निरुपाय, याचा निवाडा एका वाक्यात होणार नाही. पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकावी लागते. त्यांनी पिकार्डच्या भावना लिहून ठेवलेल्या नव्हत्या. पाच वर्षे ते नाकारू शकले. घटना ठरलेल्या असतील, प्रेम ठरलेले नव्हते. ते त्यांना वाटले, आणि ते वाटले त्याअर्थी त्यांचेच होते. नोझिकच्या यंत्रात आणि कटानच्या यानात हा फरक राहतो. कदाचित तो पुरेसा नाही, पण तो उपेक्षणीयही नाही.

दुसरा पुरावा बासरीचा. पिकार्डना ती पूर्वी वाजवता येत नव्हती, आता येते. आठवण खोटी ठरू शकते, बोटांत आलेली कला खोटी ठरवता येत नाही. अनुभवाचे प्रामाण्य कशात, या प्रश्नाला पटकथेने दिलेले हे उत्तर तात्त्विकदृष्ट्या चोख नसेल, पण ते बुद्धिमान आहे. लवण राजाला सासू भेटली. पिकार्डना शोधायला अरण्यच उरलेले नाही, म्हणून पुरावा त्यांच्या हातातच ठेवावा लागला.

मालिकेच्या रूपबंधाविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. या प्रकारच्या मालिकेत प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असतो. पुढच्या आठवड्यात सर्वजण पूर्ववत आपापल्या जागी हवे असतात. त्यामुळे अर्धे आयुष्य दुसऱ्या ग्रहावर काढून आलेला, पत्नीचे दफन केलेला माणूस पुढच्या भागात आज्ञा देत नौका चालवत असतो. एप्रिल १९९३ मधील ‘लेसन्स’ या भागात ती बासरी पुन्हा येते आणि पिकार्ड एका सहकारी स्त्रीला कटानविषयी सांगतात. एरवी मालिकेला त्याची फारशी आठवण नसते. स्मरण हाच ज्या कथेचा विषय, तिला विस्मरणावर उभ्या असलेल्या रूपबंधात राहावे लागले. जे कटानला भय होते तेच तिच्या वाट्याला आले. फरक इतकाच की विसरणारे विश्व नव्हते, आठवड्याचे वेळापत्रक होते. मालिकेच्या या स्वभावाला दोष देताना हेही लक्षात घ्यायला हवे की, प्रेक्षकाने मात्र तो भाग विसरला नाही. २००६ साली क्रिस्टीजच्या लिलावात या मालिकेतील वस्तू विकल्या गेल्या, तेव्हा चित्रीकरणात वापरलेल्या त्या बासरीला अट्ठेचाळीस हजार डॉलर मिळाले. वस्तू म्हणून तिचे मोल किरकोळ होते. कटानचा निरोप, काहीशा बाजारी रूपात का होईना, ज्यांना पोचायचा त्यांना पोचला होता.

भागाचे शीर्षक जॉर्ज हॅरिसनच्या १९६८ च्या गीतावरून घेतलेले आहे. त्या गीताचा आशय ‘ताओ ते चिंग’च्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणातला : घराबाहेर न पडता विश्व जाणता येते, हा. आणि त्याचे वाद्यसंगीत त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईत, भारतीय वादकांकडून ध्वनिमुद्रित झाले होते. चिनी वचन, मुंबईतले वादन, इंग्रज गायक, अमेरिकन मालिका हा प्रवास मनोरंजक आहेच. परंतु शीर्षकाची निवड सूचकही आहे. अवकाशात दूरवर जाणाऱ्या नौकेवरील कथेला, कुठेही न जाता जाणण्याविषयीच्या गीताचे नाव दिले गेले. पिकार्ड नौकेच्या जमिनीवर पडून होते आणि त्या पंचवीस मिनिटांत त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या सर्व मोहिमांत त्यांना दिसले नव्हते.

अखेरच्या दृश्यात त्यांचा सहकारी रायकर एक छोटी पेटी घेऊन येतो. यानात तेवढीच सापडली. आत बासरी असते. रायकर काही विचारत नाही, आणि पटकथेचा हा संयम दाद देण्याजोगा आहे. कारण त्या क्षणी तो जे काही विचारता ते अपुरे पडले असते. तो निघून जातो. पिकार्ड बासरी छातीशी धरतात, मग खिडकीकडे वळून नामकरणाच्या दिवशी वाजवलेली धून वाजवू लागतात. खोलीत ऐकणारा दुसरा कोणीही नाही.